तुटलेला धागा तसाच ठेवला आहे

सोमवार, ता. ४

ताई,

सहल झाली आणि सगळे परत आले, हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू जरा शांतपणे वाचशील. गेलो तेवीस, आलो तेवीस.

गिरणीला पन्नास वर्षं झाली म्हणून मालकांनी आमच्या खात्याला एक दिवस राजधानी दाखवायचं ठरवलं, हे भाऊजींनी तुला कळवलं असेलच. त्यांनी कळवलं नसेल ते असं, की सगळ्यांचा पुढारी मला केलं. कारण काय, तर मला पाट्या वाचता येतात आणि अक्षर बरं आहे. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला हे लोक मास्तर म्हणतात ती थट्टा आहे हे मला कळतं, पण साहेबांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडून सही घेतली, 'सर्वांच्या वागणुकीची जबाबदारी माझी.' सही केली आणि तेव्हापासून माणसं मोजतोय.

सकाळी आधी सभागृहाची इमारत पाहिली. कायदे जिथं होतात ती. शिपायाने हळू बोलायला सांगितलं. आपल्या लोकांना हळू बोलणं ठाऊक आहे का? आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं. कुजबुजले तरी पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठतात. शिपाई तीनदा आला, तिसऱ्यांदा मलाच म्हणाला, "तुमची माणसं आवरा." मग मी सगळ्यांना म्हटलं, खात्यात बोलतो तसं हातांनी आणि ओठांनी बोला. तर तो जास्तच घाबरला, त्याला वाटलं आमच्या काही खाणाखुणा चालल्यात.

तिथून जुना राजवाडा. कापडाच्या घड्या घालणाऱ्या, सगळे ज्यांना राणीसाहेब म्हणतात त्या आठवतात ना, तू गिरणीत होतीस तेव्हा तुझ्या पाठीशी बसून डबा खायच्या त्या? त्यांनी खऱ्या राणीचा पलंग पाहिला आणि म्हणाल्या, "एवढाच? मग राजा कुठं झोपायचा, जमिनीवर?" भाऊजी म्हणाले, "तुमच्याकडे कोण झोपतं जमिनीवर ते आधी सांगा." पूल पाहिला, घड्याळाचा मनोरा पाहिला. मी प्रत्येक ठिकाणी चढताना माणसं मोजली आणि उतरताना मोजली.

शेवटी कारागिरीचं संग्रहालय. जुनी हत्यारं, भाते, चाकं, आणि आतल्या दालनात एक हातमाग. आपले लोक त्या मागाला असे चिकटले की हलेनात. एक माणूस कमी भरत होता म्हणून मी मागाभोवतीच्या दोरीला टेकून पुन्हा पुन्हा मोजत होतो. तो पाणी प्यायला गेलेला निघाला. मग भाऊजी म्हणाले, "मास्तर, पाटी वाच." मी मोठ्याने वाचली. नदीचं पाणी गावात शिरलं त्या सकाळी विणणारी बाई या मागावरून अर्ध्यात उठून गेली, ती परत आलीच नाही. माग होता तसा आणला आहे. त्या वेळी तुटलेला धागा तसाच ठेवला आहे.

राणीसाहेबांनी वाकून बघितलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "कुठं तुटलाय? जोडलेला तर दिसतोय."

दाराशी उभा असलेला रखवालदार आला. त्याने बघितलं. मग तो धावत गेला, मग दालनाची दारं लावली गेली. खूप वेळ आम्ही आत होतो. शेवटी संग्रहालयातल्या एका बाईंनी माझा नाव-पत्ता लिहून घेतला आणि सोडलं.

एवढंच. भाऊजी बरे आहेत. एखादा शब्द चुकला असेल तर खूण करून ठेव.

तुझा धाकटा


गुरुवार, ता. ७

मास्तर,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा नाही हसले.

राणीच्या पलंगाला तीन ओळी, आणि माझ्या नवऱ्याला शेवटी अर्धी? 'भाऊजी बरे आहेत.' तू लहानपणी कप फोडलास की असाच लिहायचास, म्हणजे बोलायचास. कपाबद्दल एक शब्द नाही, बशी किती छान आहे ते सांगत बसायचास.

यांचंही पत्र आलंय. त्यात लिहिलंय, 'सहल उत्तम झाली, मनोरा उंच आहे.' बास. मनोरा उंच असतो हे मला इथं बसून कळत होतं. दोन्ही माणसं एकाच दिवशी एकाच दालनात होती आणि दोघांनीही मला काही सांगितलं नाही, यावरून जे कळायचं ते मला कळलं.

सासूबाई पडूनच आहेत. धाकटीचा ताप उतरला. मोठा विचारतो, बाबा राजाला भेटले का.

कोणी जोडला तो धागा? सरळ लिही.

ताई


शनिवार, ता. ९

ताई,

सरळ लिहितो. हे पत्र वाचून बाजूला ठेव, कुणाला दाखवू नकोस.

काल साहेबांनी बोलावलं. संग्रहालयाकडून तक्रार आली आहे. त्यांचं म्हणणं, त्यांना भरपाई नको, पण त्या धाग्याला हात कोणी लावला ते कळलं पाहिजे. इतकी वर्षं लोक तो तुटलेला धागा बघायला लांबून येत होते. मालकांची त्या लोकांत मोठी ओळख आहे, त्यांची मान खाली गेली. साहेब म्हणाले, "पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत नाव द्या. ज्याने केलं तो घरी जाईल. नाव नाही दिलं तर सही तुमची आहे, तुम्ही घरी जाल."

मी विचारलं, "आणि नाव द्यायला मला ठाऊकच नसेल तर?"

"तुमच्या तोंडावर लिहिलंय, ठाऊक आहे," म्हणाले.

ताई, मी पाहिलं. माणसं मोजून मान वळवली तेव्हा भाऊजी दोरीवरून पार आत वाकलेले होते, नाक धाग्याला लागेल इतके. माझी नजर गेली तसा त्यांनी हात मागे घेतला. चेहरा असा झाला होता की मी पटकन दुसरीकडे बघितलं. आणि लगेच म्हणाले, "मास्तर, पाटी वाच."

मी त्यांना दोष देत नाही. तूही मागावर होतीस. तुटका धागा समोर आला की आपला हात थांबतो का? दिवसभरात किती गाठी मारतो ते कुणी विचारलं तर सांगता येत नाही. ती बाईसुद्धा परत आली असती तर आधी तेच केलं असतं. पण हे साहेबांना कसं सांगू?

गेल्या महिन्यात मुकादमाने भाऊजींना एकदा बोलून घेतलं होतं, कापडात दोष राहिले म्हणून. नवे माग येणार आणि माणसं कमी होणार असं सगळीकडे बोलतात. त्यांचं नाव दिलं तर ते जातील. नाही दिलं तर मी. भाऊजींना विचारायची हिंमत होत नाही. रोज शेजारी बसून डबा खातो आणि दोघं भिंतीकडे बघतो.

काय करू ते सांग. तू सांगशील तसं करतो.

तुझा धाकटा


मंगळवार, ता. १२

मास्तर,

तू सरळ लिहिलंस, मीही सरळ लिहिते.

यांच्या डोळ्यांचं मी तुला सांगितलं नव्हतं. वर्ष झालं. कडेचं दिसतं, मधलं धुक्यात गेल्यासारखं होतं. मागावर चालून जातं, कारण गाठ बोटांनी मारायची असते, डोळ्यांनी नाही. पाट्या तुला वाचायला सांगतात ते वाचता येत नाही म्हणून नाही. मुकादमाला संशय आहेच. आता या भानगडीत कुणी यांना चौकशीला बसवलं, हातात कागद दिला, की संपलं. डोळे गेलेल्या विणकऱ्याला कोणती गिरणी घेते?

इथं मी आहे, दोन मुलं आहेत, अंथरुणाला खिळलेली सासू आहे. तिकडून जे येतं त्यावर सगळे जेवतो.

तू एकटा आहेस. हात चांगले आहेत, वय आहे, आता भरतोस तशा सुताच्या कांड्या भरायला कुठंही उभा राहिलास तरी घेतील. नाव द्यायचंच असेल तर तुझं दे.

हे लिहिताना माझा हात थांबला नाही. तो थांबायला हवा होता हे मला कळतंय. तरी पाकीट बंद करते, नाहीतर उद्या फाडेन.

ताई


गुरुवार, ता. १४

ताई,

तुझं पत्र आजच मिळालं. टपालाने उत्तर पोचायचं नाही म्हणून सुताच्या गाडीच्या चालकाजवळ देतोय. तो उद्या दुपारी तुमच्याकडे माल उतरवतो आणि संध्याकाळी परत निघतो. काही सांगायचं असेल तर त्याच्याच हाती दे.

तू लिहिलंस तसंच करायचं ठरवलं आहे. तुझं पत्र येण्याआधीच अर्धं ठरवलं होतं, पण ते आधी ठरवलं होतं असं मी म्हणून काय उपयोग. रागावलो नाही. थोडा रागावलो होतो, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

काल एक झालं. संग्रहालयाने त्या गाठीचा मोठा करून काढलेला फोटो पाठवला. मुकादमाने तो खात्यात फिरवला. तुला माहीत आहे, आपल्यात माणसाची गाठ चालीसारखी ओळखता येते. ज्याच्या हातात फोटो जाई तो बघे, मग वर माझ्याकडे बघे आणि मान खाली घाले. भाऊजी माझ्या पाठीशीच उभे होते, त्यामुळे ते सगळे कुणाकडे बघत होते हे मला कळलं. एकानेही तोंड उघडलं नाही. मुकादम म्हणाला, "सगळे एकदम आंधळे झाले वाटतं." भाऊजींनी फोटो हातात घेतलाच नाही.

सुट्टीत राणीसाहेब आल्या आणि त्यांच्या डब्यातलं माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "खाऊन घे बाळा." त्या कधी कुणाला आपल्या डब्यातलं देतात का? मला वाटतं त्यांनाही कळलंय की मी काय करणार आहे.

आज मी भाऊजींना विचारलं. म्हणजे अर्धंच विचारलं. म्हटलं, "त्या दिवशी दालनात..." ते म्हणाले, "तू गप्प राहा. शनिवारपर्यंत फक्त गप्प राहा. बाकी मी बघतो." यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं?

आता एक भीती आहे. साहेब काही दूधखुळे नाहीत. मी नाव घेतलं तर म्हणतील, मारून दाखव ती गाठ. म्हणून फोटो नीट बघून घेतला आणि कांडीवरच्या सुताला तशीच मारून पाहिली. दोन्ही शेपटं डावीकडे वळवून वेढ्याखाली दडपलेली आहेत. अवघड जाईल वाटलं होतं, पण पहिल्याच खेपेला जमली. तरी तू जास्त जाणतेस. सोबत चिकटवून पाठवतोय. फोटोतल्यासारखीच आहे. भाऊजींची वाटते का एवढं बघ.

तुझा धाकटा


शुक्रवार, ता. १५

अरे माझ्या भावा,

गाडीवाला खाली उभा आहे, हॉर्न वाजवतोय. बसून वाच.

ही यांची गाठ नाही. यांची मी पंधरा वर्षं बघतेय. एक शेपूट उजवीकडे वर उभं राहतं, त्यावरून सगळे यांना शेंडीवाला म्हणायचे. ही गाठ माझी आहे. मी डावरी, म्हणून माझी अशी पडते. मुकादम म्हणायचा, ही पोरगी गाठ मारते की गाठ लपवते. आणि ही मी आयुष्यात एकाच माणसाला शिकवली. तू दहा वर्षांचा होतास, आईच्या कांड्यांपाशी. तुला उजव्या हाताने शिकवायला हवी होती, पण मला येत नव्हतं.

ती पहिल्याच खेपेला जमली म्हणे. जमणार नाही तर काय.

तुला आठवत नसेल यात मला नवल नाही. तू झोपेत पांघरुणाच्या दशांना गाठी मारायचास, सकाळी आई सोडत बसायची. त्या दालनात तू माणसं मोजत होतास, दोरीला टेकून. धागा हाताशी होता. तुझं तोंड मोजत होतं आणि हातांनी त्यांचं काम केलं.

आणि हे का वाकले होते? विचार कर. गाठ मारायला हे कधी वाकत नाहीत, मारायला डोळे लागत नाहीत. सोडायला लागतात. यांनी कडेच्या नजरेने तुला गाठ मारताना पाहिलं आणि कुणी बघायच्या आत सोडायला गेले. ती यांना दिसेना म्हणून नाक टेकवलं. खात्यातले सगळे तुझ्याकडेच बघत होते. आणि तुला वाटतंय यांच्याकडे.

'बाकी मी बघतो' म्हणाले ना? म्हणजे हे उद्या आपलं नाव देणार. हे मला या क्षणी कळतंय.

मागच्या पत्रात मी काय लिहिलं ते तुला पाठ असेल. तुझा काही दोष नाही असं समजून मी तुला तसं लिहिलं होतं, हे विसरू नकोस आणि मला विसरू देऊ नकोस. ते पत्र फाडून टाक.

यांना थांबव. साहेबांच्या दारात पोचू देऊ नकोस.

ताई


शनिवार, ता. १६

ताई,

तुझं पत्र मला दुपारी मिळालं. गाडी रस्त्यात बिघडली होती. तोवर सगळं उरकलं होतं. म्हणून जसं झालं तसं लिहितो, जे मला नंतर कळलं ते मध्ये न घालता.

मी सकाळीच साहेबांच्या खोलीशी गेलो. दार उघडं होतं आणि भाऊजी आत उभे होते. साहेब म्हणाले, "या. यांनी कबूल केलंय. तुम्ही का आलात?"

मी म्हटलं, "हे खोटं बोलतात. मी केलं."

भाऊजी म्हणाले, "साहेब, पोरगं आहे. बहिणीच्या नवऱ्याला वाचवतंय."

"मी पोरगं नाही," मी म्हटलं. माझा आवाज फाटला, त्यामुळे ते नीट वठलं नाही.

साहेब दोघांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं. नाव कुणी देत नव्हतं, आता दोन मिळाली." त्यांनी खणातून पांढरं सूत काढलं, दोन तुकडे तोडले आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदावर ठेवले. फोटो बाजूला लावला. "मारा."

मला वाटत होतं, माझी बोटं आता ऐकणार नाहीत. तुकडा उचलला आणि फोटोकडे न बघताच मारली गेली. साहेबांनी ती उचलून फोटोशेजारी धरली. मग ते भाऊजींकडे वळले.

भाऊजी अजून कागदावर हात फिरवत होते. पांढऱ्यावर पांढरं. तळहात सपाट ठेवून हळूहळू सरकवत होते, जमिनीवर पडलेलं काही अंधारात शोधावं तसं. सूत त्यांच्या करंगळीपासून बोटभर लांब होतं. मी ते पुढे सरकवायला गेलो, तर साहेब म्हणाले, "हात लावू नका."

ताई, ते तसं किती वेळ चाललं ते मी लिहिणार नाही. शेवटी त्यांना सापडलं, आणि सापडल्यावर त्यांनी अशी झटकन गाठ मारली की बघत राहावं. शेंडीवाली. साहेबांनी ती बघितलीही नाही. म्हणाले, "कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं," भाऊजी म्हणाले.

"माझ्या हातात काय आहे?"

साहेबांच्या हातात काहीच नव्हतं. भाऊजी म्हणाले, "फोटो."

साहेबांचा आवाज त्यानंतर उतरला, हे मी मान्य केलं पाहिजे. भाऊजींना म्हणाले, सोमवारपासून मागावर नाही, दारावर रखवालीला बसा, पगार दारावरचा. मला म्हणाले, संग्रहालयाचं उत्तर येईपर्यंत येऊ नका.

बाहेर आल्यावर मी भाऊजींना म्हटलं, तुम्ही मध्ये आला नसता तर तुमचे डोळे कुणाला कळले नसते. मी तर तुमच्यासाठीच आलो होतो. ते थबकले. "माझ्यासाठी? म्हणजे तुला अजून ठाऊक नाही?" "काय?" ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले. तेवढ्यात गाडीवाला तुझं पत्र घेऊन आला.

मी माझे हात साबणाने धुतले. का ते माहीत नाही.

तुझा धाकटा


बुधवार, ता. २७

ताई,

तुझं मधे काहीच आलं नाही. सासूबाईंचं बरं आहे ना? का माझ्या पत्राला उत्तर सुचत नाही?

संग्रहालयाचं उत्तर आलं. त्यांच्या माणसांना ती गाठ धागा न तोडता सोडता येत नव्हती. सूत फार जुनं, हाताळलं की पीठ होतं. ज्याने मारली त्याने येऊन सोडावी, सुटली तर तक्रार मागे. नाही सुटली तर काय ते लिहिलं नव्हतं. काल गेलो. भाऊजींनी दारावर रजा टाकली आणि बरोबर आले. मी नको म्हटलं तर म्हणाले, "वाटेत तुझी माणसं कोण मोजणार?"

दालन बंद केलेलं होतं. त्याच बाई, ज्यांनी माझा पत्ता घेतला होता. मला म्हणाल्या, "हात दाखवा." दाखवले. त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितले, डॉक्टर बघतात तसे. मग एक बारीक सुई दिली आणि माझ्या खांद्याशी उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मारायला मला काही लागलं नव्हतं. सोडायला मात्र जन्म गेला असं वाटलं. आधी दडपलेली शेपटं बाहेर काढायची, तीच मुळी तुटायला टेकलेली. एक तंतू सुटा झाला आणि तरंगत खाली गेला. घाम डोळ्यात उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता. तेव्हा मागून भाऊजींनी त्यांच्या बाहीने माझं कपाळ पुसलं. त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं, पण मी थांबलो हे कळलं.

सुटली. दोन्ही टोकं अलग झाली आणि आपापल्या बाजूला लवंडली. बाईंनी भिंग लावून बघितलं, खूप वेळ. मग म्हणाल्या, "आता मागे व्हा." मी मागे झालो आणि भाऊजींनी माझी दोन्ही मनगटं धरली. दालनाबाहेर येईपर्यंत सोडली नाहीत. बरं केलं. तो धागा तसा लोंबकळत ठेवून मला एकट्याला निघता आलं नसतं.

तक्रार मागे घेतली. साहेबांनी आज बोलावून परत घेतलं. पण पूर्वीसारखं कांड्या भरायला नाही. म्हणाले, भाऊजींचा माग रिकामा आहे, सोमवारपासून तुम्ही उभे राहा.

मी हो म्हटलं नाही. ज्याने मला वाचवायला स्वतःचा माग घालवला, त्याच मागावर मी कुठल्या तोंडाने उभा राहू? भाऊजी म्हणतात, "घे. परका कोणी उभा राहिला तर मला दारावरून त्याचा खडखडाट ऐकत बसावं लागेल. त्याचे हात मला माहीत नसतील." पण ते मला बरं वाटावं म्हणून काहीही बोलतात हे आता ठाऊक झालंय. म्हणून तुला विचारतो. माग तुमच्या घराचा आहे. तू हो म्हणालीस तरच.

तुझं ते पत्र मी फाडलं नाही. येताना गाडीत भाऊजी अचानक म्हणाले, "तिने तुला तुझं नाव द्यायला सांगितलं असेल." मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाले, "कुणी कशाला सांगायला पाहिजे? संसार केलाय तिच्याशी." रागाने नाही म्हणाले. तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी साहेबांच्या खोलीत शिरलो तो खोटं बोलायला शिरलो होतो. ते खरं निघालं यात माझी काही कमाई नाही, पण शिरलो होतो एवढं माझ्यापाशी राहू दे.

तुझा धाकटा


शनिवार, ता. ३०

मास्तर,

उत्तर सुचत नव्हतं हे खरं. चार पत्रं लिहिली. प्रत्येकात आधी माझंच रडगाणं, म्हणून ठेवून दिली. हे सुताच्या गाडीवाल्याच्या हाती देतेय, उद्या मिळेल.

सोमवारी मागावर उभा राहा. मी हो म्हणते, आणि उपकार म्हणून म्हणत नाही. पगार तुझ्या हातात येईल तो घरात येईल, कारण आता दारावरच्या पगारात दोन चुली चालणार नाहीत. मला मागावरचा माणूस घरात हवा आहे. आणि तो परका नको, हे यांचं म्हणणं खरं आहे. हे खोटं बोलतात तेव्हा डाव्या कानाला हात लावतात, पुढच्या वेळी बघत जा.

तिथल्या सरकारी दवाखान्यात डोळे बघतात असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांच्या मते मोतीबिंदू असेल तर काढता येतो, आणि तो इतके दिवस अंगावर काढला हे शहाणपणाचं झालं नाही. ते मी झाकून ठेवायला लावलं, यांनी नाही. यांना या आठवड्यातच घेऊन जा. ती आल्यावर जाईन म्हणतील, तर सांग, मी आल्यावर भांडायला वेळ लागणार आहे, दवाखान्याला होणार नाही.

ते पत्र तू ठेवलंस. ठेव. मी पुन्हा फाड म्हणणार नाही. तू माझ्यासाठी शिरलास आणि मी तुला ढकललं होतं, हे दोन्ही त्या खोलीत होतं. तुझ्यासमोर बसून सांगेन. लिहून ते फार नीटनेटकं होतं.

पुढच्या रविवारच्या गाडीने निघतेय. सासूबाई, दोन्ही मुलं आणि मी. घर सोडतेय. तुझी खोली लहान आहे हे मला माहीत आहे, चुलीपाशी दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर जायचं. खाट सासूबाईंना लागेल. बाकीचे खाली झोपू. भांडू, पण एका जागी राहू. पत्रं पुरे झाली.

स्टँडवर ये. माणसं मोजून घे.

ताई